ठिगळाची लाज कशाला?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त महिला मंडळाने भरवलेल्या गोधडी व हस्तकला शिबिराच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



यंदाच्या वर्धापनदिनी महिला मंडळाने एक वेगळा कार्यक्रम ठेवला. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, कापडी पिशव्या, फुला-सालींचे रंग, सगळं घरच्या घरी करायचं. त्याचं पत्रक वस्तीत वाटलं, त्याच संध्याकाळी एक आजी आमच्या दारात आल्या. उंबऱ्यावरच बसल्या आणि म्हणाल्या, "दादा, माझ्या आईचा जन्म लोकांची जुनीपानी नेसण्यात गेला. बाबासाहेबांनी आम्हाला त्यातनं काढलं. आणि आता विहारातच तुम्ही चिंध्या गोळा करायला सांगताय?"

बंधू-भगिनींनो, आम्ही गप्प बसलो. चार माणसांत बोलायची आम्हाला सवय आहे, पण त्या वेळी उत्तर सुचलं नाही. आजचं हे भाषण म्हणजे त्या आजींना उशिरा दिलेलं उत्तर समजा.

आधी एक कबूल केलं पाहिजे. आजींचा सवाल खरा आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने काय नेसावं ते लिहून ठेवलं आहे. त्याने मेलेल्या माणसाचे कपडे नेसावेत आणि फुटक्या भांड्यात जेवावं. हे नुसतं पोथीत राहिलं नाही. गावगाड्यात प्रेतावरचं कापड हा आपल्या वाडवडिलांचा 'हक्क' मानला जाई. राबायचं आपण, आणि मोबदला म्हणून मिळायचं दुसऱ्याने टाकलेलं. ते फाटकं कापड नुसतं कापड नव्हतं, ती तुमची पायरी होती. म्हणून जुनं कापड म्हटलं की आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर काटा येतो. तरुण मुलांनी त्यांना हसू नये.

आम्ही गिरणी कामगार. कापडाशी आमचं नातं जवळचं, पण त्यातही एक गोम आहे. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं कताई खात्यात राबली, झाडलोट केली, पण विणकाम खात्याचा दरवाजा त्यांना बंद होता. का? तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा दोरा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. ज्या धोट्याला अस्पृश्याचं तोंड लागलं, त्याला आम्ही तोंड लावणार नाही, असं सवर्ण कामगार म्हणत. त्या खात्यात पगार जास्त होता, हेही लक्षात घ्या. 1928 च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे ही मागणी ठेवली की, आमच्या लोकांना सगळ्या खात्यांत काम मिळालं पाहिजे. म्हणजे सूत आपण कातायचं, पण कापड विणायचं नाही, आणि नेसायचं तर दुसऱ्याचं उतरलेलं! हा आपला इतिहास.

मग या इतिहासातून बाबासाहेबांनी काय शिकवलं? डिसेंबर 1927 मध्ये महाडला परिषद भरली. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब आपल्या आया-बहिणींशी बोलले. जातीची खूण सांगणारी लुगडं नेसायची पद्धत सोडा, हातापायांतले ते जडशीळ दागिने टाका, असं त्यांनी सांगितलं. त्याचबरोबर, अंगावरच्या वस्त्राला ठिगळं असली तरी हरकत नाही, पण ते स्वच्छ असू द्या, अशा अर्थाचंही ते बोलले. बायकांनी लगेच नेसण्याची पद्धत बदलली.

मित्रहो, यात फार मोठा विचार आहे. बाबासाहेबांनी गरिबीची लाज बाळगायला सांगितलं नाही, गुलामीची खूण फेकून द्यायला सांगितलं. ठिगळ आणि गुलामी या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. आपण मात्र त्या पुन्हा एक करून बसलो.

आता तथागतांकडे येऊ. भिक्खूंचं चीवर तुम्ही नीट निरखून पाहिलं आहे का? ते एकसंध कापड नसतं, तुकडे जोडून शिवलेलं असतं. विनयपिटकात त्याची हकिकत आहे. भगवान बुद्धांनी मगध देशातली भाताची शेतं पाहिली. बांध घातलेली, पट्ट्या-पट्ट्यांची, ओळीने मांडलेली. त्यांनी आनंदाला विचारलं की, असं चीवर करता येईल का? आनंदाने तसे तुकडे बेतून चीवर तयार केलं. म्हणजे शेतकऱ्याच्या शेताचा नकाशा भिक्खूच्या अंगावर आला. सुरुवातीच्या काळात तर भिक्खू उकिरड्यावरचं, स्मशानातलं टाकलेलं कापड वेचून, धुऊन, शिवून वापरत. त्याला पांसुकूल म्हणत. पुढे जीवक वैद्याने उंची वस्त्र दान दिलं, तेव्हा बुद्धांनी गृहस्थांनी दिलेलं वस्त्र घ्यायचीही परवानगी दिली. ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं.

इथेच आजींच्या सवालाचं उत्तर आहे. मनूनेही स्मशानातलं कापड सांगितलं आणि बुद्धाच्या संघातही ते आलं. कापड तेच, मग फरक कुठे? मनूने ते जन्मावरून लादलं. बुद्धाच्या संघात राजपुत्रानेही ते स्वतःच्या राजीखुशीने अंगावर घेतलं, आणि न्हाव्याच्या घरातून आलेल्या उपालीनेही तेच घेतलं.

आणखी एक गोष्ट सांगतो. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रं दान दिली. राजाला शंका आली, हा श्रमण एवढ्या वस्त्रांचं करतो काय, दुकान मांडतो की काय? त्याने जाऊन विचारलं. आनंद म्हणाला, ज्या भिक्खूंची चीवरं विरली त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचं काय? त्यांची पांघरुणं करू. जुन्या पांघरुणांचं? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचं? जमिनीवरचं अंथरूण. त्याचं पुढे? पायपुसणी. पायपुसण्यांचं? झाडायची फडकी. आणि फडकी झिजली की? ती कुटून चिखलात कालवून जमीन लिंपू. राजा खूश झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रं दिली. आज पर्यावरण, पुनर्वापर असे मोठे शब्द आपण ऐकतो. आनंदाचा हा हिशेब अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे, आणि तो आपल्या आजीच्या हिशेबासारखाच आहे. तिच्या घरीही लुगड्याची गोधडी, गोधडीचं पायपुसणं आणि पायपुसण्याचं पोतेरं होत होतं.

आता प्रत्यक्ष कामाचं बोलू. गोधडीला कोणी वाकळ म्हणतात. तिचं शास्त्र सोपं आहे, पण कापड पारखून घ्या. सुती कापड घाम शोषतं आणि मऊ पडतं. हल्ली पुष्कळ साड्या पॉलिस्टरच्या असतात. ओळखायचं कसं? कडेचा एक दोरा काढून चिमट्यात धरून जाळा. कागद जळल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरली तर सुती. दोरा वितळून टोकाला टणक गोळी झाली तर ते प्लास्टिकचंच भावंड. बाळाच्या दुपट्याला ते लावू नका, त्याच्या बाजाराच्या पिशव्या शिवा.

खाली एक जुनं लुगडं ताणून पसरायचं, कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. त्यावर विरलेली धोतरं, सदरे, चादरी यांचे तीन-चार थर सपाट लावायचे. बटणं आणि जाड शिवणी आधी काढून टाका. वरून दुसरं लुगडं. मग लांब-लांब कच्चे टाके घालून सगळं टाचून घ्या, म्हणजे थर सरकत नाहीत. नंतर कडेपासून धावदोरा सुरू करून बोट-बोट अंतराने आत-आत यायचं. जिथे विरलं असेल तिथे रंगीत ठिगळ. ते लपवू नका, मिरवू द्या.

रंगाचंही तसंच. विनयात सांगितलं आहे की भिक्खू आधी शेण आणि पिवळ्या मातीने चीवरं रंगवत, रंग धड येत नसे. मग बुद्धांनी मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ या सहा प्रकारच्या रंगांची परवानगी दिली. आपल्या घरात कांद्याच्या साली रोज निघतात. 100 ग्रॅम सुती कापड स्वच्छ धुऊन 20 ग्रॅम हिरड्याच्या भुकटीच्या पाण्यात रात्रभर ठेवा. पिळून, मग 10 ते 15 ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात बुडवा. कापडाच्या वजनाइतक्या कांद्याच्या साली तासभर उकळा, गाळा, त्या पाण्यात कापड मंद आचेवर तासभर ठेवा, आणि सावलीत वाळवा. सोनेरी पिवळा रंग येतो. गंजक्या खिळ्यांचं पाणी थोडं घातलं तर तो काळपट होतो. भांडं मात्र स्वयंपाकाचं वापरू नका. 14 एप्रिलला आणि बुद्ध पौर्णिमेला विहारात झेंडूचे ढीग पडतात. ते कचऱ्यात न टाकता पाकळ्या वाळवून ठेवा, त्यांचाही पिवळा रंग होतो.

इथे थोडं कडू बोलतो. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी आपल्या गल्लीत काय दिसतं? गटारात प्लास्टिकच्या निळ्या पताका आणि फाटलेले फ्लेक्स. 2018 साली महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोलची ताटं आणि थर्माकोलची सजावट यांवर बंदी आली. पण कायदा नसता तरी ज्या पताकेवर आपण अशोकचक्र काढतो ती गटारात जाऊ द्यायची का? फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर. तो जाळला तर विषारी धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो. कापडी पताका एकदा शिवली की धुऊन पुढच्या वर्षी वापरता येते. बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद यांचे कंदील आपली मुलं एका दुपारी करतात.

शेवटचा मुद्दा पैशाचा आहे, आणि तो आम्ही कामगार म्हणून मांडतो. आमच्या ओळखीच्या एका ताईंनी महिनाभर दुपारी बसून एक मोठी गोधडी शिवली. शहरातल्या एका दुकानदाराने ती 700 रुपयांना नेली. पुढे त्याच दुकानात ती 4,000 रुपयांना टांगलेली त्यांच्या मुलीने पाहिली. ताई म्हणाल्या, "जाऊ द्या, जुन्या कापडाचीच तर होती." बहिणींनो, कापड जुनं होतं, तुमचे डोळे आणि बोटं जुनी नव्हती! बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते. 1946 मध्ये कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला 54 वरून 48 वर आले. गिरणीत आमचे तास मोजले जातात, मग घरातल्या बाईच्या टाक्याचे तास का मोजायचे नाहीत? म्हणून मंडळाला आमची सूचना आहे की, प्रत्येक गोधडीबरोबर एक वही ठेवा. कोण बसलं, किती तास बसलं, दोरा केवढ्याचा, सगळं लिहा आणि त्यावरून भाव ठरवा. तो भाव देणार नसेल त्याला विकू नका, घरात वापरा.

तर आजींना आमचं उत्तर असं की, दुसऱ्याने फेकलेलं आणि आपल्यावर लादलेलं आजही घेऊ नका. पण आपल्या घामाने घेतलेलं, आपल्या अंगावर विरलेलं कापड स्वच्छ धुऊन, आपल्या मर्जीने, आपल्या हाताने पुन्हा उभं केलं तर त्यात लाज कसली? मुलांना नवे कपडे जरूर घ्या, शाळेत नीटनेटकं पाठवा. तो आपला हक्क बाबासाहेबांनी मिळवून दिला आहे. आणि रात्री त्यांच्या अंगावर आजीच्या लुगड्याची गोधडी घाला.

त्या आजी आज समोर बसल्या आहेत. त्यांना सगळं पटलं असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत नाही. सहजासहजी पटूही नये, कारण सोसलं त्यांनी आहे. पण त्यांचा टाका वस्तीत सर्वांत बारीक आणि सरळ, हे सगळ्यांना माहीत आहे. शिबिराचा पहिला टाका त्यांनी घालावा, अशी आम्ही त्यांना हात जोडून विनंती करतो. त्यांनी नकार दिला तरी आम्ही रागावणार नाही. त्यांच्या शेजारी बसून शिकू.