तंबोऱ्याच्या गावात आपलं स्वागत



मी डॉक्टर नव्हे. चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवतोय, तेवढ्या भांडवलावर मिरजेत माणूस स्वागताध्यक्ष होतो. इथं पावलापावलावर दवाखान्याची पाटी दिसते, त्याचं मूळ डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात आहे.

पण पाहुण्यांना मी आधी सतारमेकर गल्लीत नेतो. तिथल्या तंबोरा घडवणाऱ्या घराण्याचे फरीदसाहेब मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. राज्यं गेली, तलवारींचं काम सुटलं, तेव्हा एकोणिसाव्या शतकात या घराण्यानं तंबोरा हाती घेतला. पंढरपूरकडचे भोपळे आजही येतात, आढ्याला टांगलेले असतात. कारागीर टिचकी मारतो, कान लावतो. मान हलली तर भोपळा खाली, नाही तर पुन्हा आढ्याला! जवारी काढताना तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकतो आणि मुकी तार बोलायला लागते. 2024 साली आमच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. शाळेतल्या पोरांना मात्र फरीदसाहेब कोण ते विचारू नका, मलाच लाज वाटेल.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. डॉक्टरांच्या या परिषदेच्या विषयाकडे येतो, टर्नर सिंड्रोम आणि मातृत्व.

माझ्या दुकानात एक गृहस्थ दर महिन्याला मुलीच्या हार्मोनच्या गोळ्या न्यायचे, वर्तमानपत्रात गुंडाळून. मुलीला टर्नर सिंड्रोम. दोन-अडीच हजार मुलींत एकीला असतो. एक एक्स गुणसूत्र नसतं किंवा अपुरं असतं, आणि स्त्रीबीजं बहुधा वयात येण्याआधीच संपतात. एकदा गृहस्थ हळूच म्हणाले, “शेठ, हिला पोर होईल का हो?” मी नुसताच सुट्टे पैसे मोजत राहिलो.

तुमची कार्यक्रमपत्रिका वाचताना ते आठवले. काही मुलींकडे थोडी बीजं उरलेली असतात, ती वेळीच काढून गोठवता येतात. नाही तर दुसऱ्या स्त्रीचं बीज, मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजांनी 1991 मध्ये ती वाट दाखवली. 2021 च्या कायद्यानं बीज देणारी 23 ते 35 वयाची हवी आणि तिनं आयुष्यात एकदाच द्यायचं. पण आधी टर्नरच्या मुलीचं हृदय आणि महाधमनी तपासायची, कारण गरोदरपणात ती फाटण्याचा धोका असतो, म्हणून काहींना “नको” सांगावं लागतं. ते कसं सांगायचं, यावर दुपारी तासभर ठेवलाय. मी पहिल्या रांगेत बसणार आहे.

आता माफी. काल रात्री काही पाहुण्यांना गरम पाणी मिळालं नाही. तिघांच्या बिल्ल्यांवर नावं चुकली, एकाचं तर आडनावच गेलं. जनरेटरचा आवाज कमी होईल असं सांगितलंय, होईलच असं नाही. मंडपवाले, मोफत बर्फ देणारे, स्वागतगीतासाठी तंबोरे देणारे कारागीर आणि पिशव्यांत भडंगाच्या पुड्या भरत रात्री दोनपर्यंत जागलेल्या आमच्या नर्सिंगच्या मुली, सगळ्यांचे आभार. देणगीदारांची यादी दाराशी लावली आहे. नाव राहिलं असेल तर भांडायला माझ्याकडेच या.

जेवणाचं कूपन जपून ठेवा, दुसरं मिळणार नाही.