घरच्या जाळ्याची राखण



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्या कुळातल्या व्यासपीठावरून राउटरची गोष्ट काढावी काय, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. पण ठाणे, कल्याण, डोंबिवली ही कामावर जाणाऱ्यांची गावे आहेत. आईबाप सकाळच्या लोकलने मुंबईस जातात आणि दिवेलागणीनंतर परततात. मधल्या वेळात घरात असतात ती शाळेतून आलेले मूल, आजी, आणि भिंतीवरचे ते दोन शिंगांचे खोके. मुलाचे दोघांपैकी कोणाशी अधिक जमते, हे मी सांगावयास नको.

हे खोके करते काय, ते आधी पाहू. यंत्रांना नावे कळत नाहीत, अंक कळतात. आपण एखाद्या संकेतस्थळाचे नाव लिहिले की आपले यंत्र प्रथम एका पत्ते सांगणाऱ्या कारकुनास विचारते, "बाबा रे, हे गृहस्थ राहतात कुठे?" या व्यवस्थेस डीएनएस म्हणतात, पॉल मॉकापेट्रिस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ती १९८३ साली आखली. पत्ता मिळाल्यावाचून यंत्राचे पाऊल सहसा पुढे पडत नाही. तेव्हा नको त्या प्रत्येक दाराशी पहारा बसविण्यापेक्षा कारकूनच बदलावा, हे सोपे. राउटरमध्ये केबलवाल्याने घालून दिलेला अंक काढून तेथे १.१.१.३ असा अंक लिहिला, की क्लाउडफ्लेअर या कंपनीने २०२० पासून बसविलेला कारकून आपल्या कामास लागतो. अश्लील किंवा घातक स्थळांचा पत्ता कोणी विचारला तर असे कोणी येथे राहत नाही, अशा थाटाचे उत्तर तो देतो. याला दाम पडत नाही, आणि राउटरवर एकदा केलेला बदल घरातल्या टीव्हीपासून लॅपटॉपपर्यंत सगळ्यांना लागू होतो. ज्यांना हौस आहे त्यांनी रास्पबेरी पाय नावाच्या, हाताच्या पंजात मावणाऱ्या संगणकावर पाय-होल ही प्रणाली बसवावी. मग यादीही आपली आणि नियमही आपले, शिवाय जाहिरातीही बऱ्याच गळतात. मात्र त्याआधी राउटरच्या पोटाखाली चिकटविलेल्या चिठ्ठीवरचा परवलीचा शब्द बदलावा. कडी लावून किल्ली तिथेच टांगून ठेवण्यात अर्थ नाही.

आता या उपायाची मर्यादा. कारकुनाला इमारतीचे नाव कळते, आतली खोली कळत नाही. यूट्यूबवर दहावीच्या गणिताची शिकवणी आहे आणि रात्री दोनपर्यंत डोळे चिकटवून ठेवणारा पोरखेळही आहे. पत्ता बंद केला तर दोन्ही जातात. दुसरे भगदाड याहून मोठे. २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट इतके स्वस्त झाले की मुलाने वाय-फाय बंद करून सिमकार्डावरून जावयाचे ठरविले, तर आपले खोके भिंतीवर केवळ शोभेला उरते. शिवाय व्हीपीएन आहे, आणि आपला कारकून आपणच आणणारे ब्राउझर आहेत. तेरा वर्षांचे पोर हे सारे एका दुपारीत शिकते.

हा अनुभव सरकारलाही आला आहे. ३१ जुलै २०१५ रोजी दूरसंचार खात्याने ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला. ओरड झाली, आणि आठवड्याच्या आत तो बराचसा मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी २४ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम रद्द केले, पण संकेतस्थळे बंद करण्याचा अधिकार देणारे ६९-अ राखले. ते का राखले, हे आपल्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्या कलमात बंदीची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि बाजू ऐकून घेण्याची सोय आहे, यास न्यायालयाने महत्त्व दिले. आता आपल्या घरात काय होते? वडील रविवारी दुपारी चार स्थळे बंद करतात आणि सोमवारी मुलाने विचारले तर "नेट गेले असेल" म्हणतात! सरकारकडून जे मागतो ते मुलाला द्यावयास काय हरकत आहे? लेखी नको, तोंडी कारण पुरे.

याहून नाजूक गोष्ट वहीची आहे. पाय-होलसारखी व्यवस्था कोणत्या यंत्राने किती वाजता कोणते नाव विचारले याची नोंद ठेवते, आणि ती वही वाचतो तो घरातला किल्लीवाला. बहुतेक घरांत कर्ता पुरुष. सुनेने एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाची माहिती शोधली, वकिलाची शोधली, नोकरी शोधली, तर ती सासऱ्याच्या चष्म्याखाली यावी काय? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तो निकाल मुख्यतः राज्यसत्तेला उद्देशून आहे हे खरे, पण म्हणून दोन खोल्यांच्या घरात तो नकोच असे होत नाही. पाय-होलमध्ये नावे न नोंदविण्याची सोय आहे. माझे मत स्पष्ट आहे: दार बंद ठेवावयाचे असेल तर खुशाल ठेवा, वही ठेवू नका.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून निराळीच वाट काढली. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर आली आणि नंतर मोबाइल काही हातातून सुटेना. तेव्हा रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांनी अभ्यास करावयाचा. मुलांचेच नव्हे, मोठ्यांचेही मोबाइल बंद! आशाताई आणि शिक्षक घरोघर फिरले. तेथे कारकून बदलला नाही, कोणाची वही वाचली नाही.

आमच्याकडे सातचा भोंगा चालावयाचा नाही. त्या वेळी येथील निम्मी मंडळी घाटकोपर आणि मुलुंडच्या दरम्यान लोंबकळत असतात. पण पुष्कळशा राउटरमध्ये वेळापत्रकाची सोय असते. नऊ ते साडेदहा असा वेळ लावावा, आणि सिमकार्डाचे भगदाड राहू नये म्हणून घरातले सगळे मोबाइल, बाबांचा कचेरीचा धरून, एका फडताळात ठेवावेत. ज्यांच्या राउटरमध्ये वेळापत्रक नाही त्यांनी भिंतीवरचे बटण बंद केले तरी काम होते. मात्र वाय-फायवर चालणारा दाराचा कॅमेराही त्याबरोबर झोपी जातो, तेव्हा आतून कडी लावावी.