शरीराची स्मरणशक्ती
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



रोगप्रतिकारशक्ती हा शब्द आज प्रत्येकाच्या तोंडी आहे. ती वाढविणारी चूर्णे, काढे आणि गोळ्या बाजारात मुबलक मिळतात. परंतु ही शक्ती म्हणजे बाटलीत भरून विकता येईल असे बळ नव्हे. ओळखणे आणि लक्षात ठेवणे, या दोन गुणांत तिचे खरे सामर्थ्य आहे. हे मी आज गोवराच्या उदाहरणाने मांडणार आहे.

रोगजंतूंना पहिला अडसर असतो तो त्वचेचा, नाकाघशातील चिकट स्रावाचा आणि जठरातील आम्लाचा. तो ओलांडून जंतू आत शिरला, की काही तासांतच पांढऱ्या पेशी तेथे धावून जातात आणि त्याला गिळू लागतात. जखमेत साचणारा पू म्हणजे बहुतांशी याच कामी आलेल्या पेशी होत. हे पथक तत्पर असते. पण एका जंतूची दुसऱ्यापासून नेमकी पारख करणे हे त्याचे काम नव्हे.

ती पारख दुसरे पथक करते. काही पेशी जंतूचा अंश घेऊन जवळच्या लसिकाग्रंथीत जातात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, ते या ग्रंथीतील लगबगीमुळेच. तेथे असंख्य पेशींमधून त्या जंतूला नेमक्या ओळखणाऱ्या मोजक्या पेशी निवडल्या जातात आणि त्यांची संख्या झपाट्याने वाढते. काही पेशी प्रतिपिंडे तयार करतात, तर काही बाधित पेशींचा नाश करतात. गोवरात अंगावर उठणारे पुरळ हे मुख्यतः याच लढ्याचे चिन्ह असते. या सिद्धतेला काही दिवस लागतात. लढा संपल्यावर बहुतेक पेशी मरून जातात; परंतु थोड्या स्मृतिपेशी मागे राहतात. तोच जंतू पुन्हा आला, तर त्याला डोके वर काढण्यास अवधीच मिळत नाही.

ही स्मृती किती काळ टिकते? उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर १७८१ मध्ये गोवराची साथ आली. त्यानंतर ६५ वर्षे तेथे गोवर नव्हता. १८४६ मध्ये तो पुन्हा आला, तेव्हा ७,७८२ रहिवाशांपैकी सुमारे ६,००० जण आजारी पडले. पाहणीसाठी गेलेल्या पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरांना एक विलक्षण गोष्ट आढळली. १७८१ मध्ये गोवर येऊन गेलेल्या वृद्धांपैकी कोणालाही तो दुसऱ्यांदा झाला नाही. एकदा गोवर आला की पुन्हा येत नाही, हे आपल्या आजीबाईंचे अनुभवाचे बोल त्या बेटांवर असे सिद्ध झाले.

मग मुलांना एकदा गोवर येऊ द्यावा, असे कोणी म्हणेल. येथेच खरा धोका आहे. गोवराचा विषाणू स्मृतिपेशींवरच घाला घालतो. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ताची गोवरापूर्वी व नंतर तपासणी करण्यात आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, इतर रोगांविरुद्धच्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झाली होती. म्हणजे गोवर स्वतःची आठवण ठेवून जातो, पण पूर्वी कमावलेली पुंजी लुटून नेतो. त्यामुळे गोवरातून उठलेले मूल पुढे बराच काळ न्यूमोनिया, अतिसार यांसारख्या विकारांना सहज बळी पडू शकते.

लस मात्र ही लूट होऊ न देता गोवराची आठवण देते. तिच्यात दुर्बल केलेला विषाणू असतो. शरीर त्याला ओळखते आणि स्मृतिपेशी राखून ठेवते. आपल्याकडे गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दिली जाते. पहिल्या मात्रेने काही मुलांत पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण होत नाही, म्हणून दुसरी आवश्यक असते. सरकारी आणि महापालिकेच्या केंद्रांत ती विनामूल्य मिळते.

गोवर इतिहासजमा झाला, असे समजू नये. २०२२ च्या अखेरीस मुंबईत त्याची मोठी साथ आली आणि काही बालकांचे प्राण गेले. हा रोग हवेतून पसरतो आणि पुरळ दिसण्याच्या सुमारे चार दिवस आधीपासूनच इतरांना लागू शकतो. त्याला रोखण्यासाठी समाजातील सुमारे ९५ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. सहा महिन्यांच्या तान्ह्या बाळाला नेहमीच्या वेळापत्रकानुसार लस मिळालेली नसते आणि आईकडून मिळालेली प्रतिपिंडेही ओसरू लागलेली असतात. त्या बाळाचे रक्षण शेजारच्या घरातील मुलाच्या लसीवर अवलंबून असते.

म्हणून माझी एकच विनंती आहे. घरी गेल्यावर आपल्या नातवंडांचे लसीकरण कार्ड काढून पाहावे. दोन्ही मात्रांची नोंद आहे ना, याची खात्री करावी आणि राहिली असल्यास विनाविलंब डॉक्टरांना भेटावे. आपल्याकडे कामाला येणाऱ्या भगिनींच्या मुलांचीही तितक्याच आपुलकीने चौकशी करावी.