मेचं बिल बाजूला ठेवा : घरच्या सोलरची साइज कशी काढायची

जळगाव-धुळ्याकडून सध्या एकच प्रश्न येतोय : "भो, घरावर सोलर टाकायचंय, किती किलोवॅटचं घेऊ?" आज फक्त तेवढंच बोलू.

विक्रेता बिल मागतो आणि आपण मेचं बिल काढून देतो, कारण तेच डोक्यात बसलेलं असतं. पारा ४५ च्या आसपास, कूलर दिवसरात्र चालू. त्यावरून साइज ठरवली की सिस्टिम मोठीच येणार. धुळ्याला माझ्या मावशीकडे माणसं दोन, आणि कोटेशन आलं ५ किलोवॅटचं!

वर्षाची बेरीज करा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, ॲपमध्येही दिसतो. समजा मार्च ते जून महिन्याला ३०० युनिट लागतात आणि बाकीचे आठ महिने १३०. म्हणजे १२०० अधिक १०४०, वर्षाला २२४० युनिट. १ किलोवॅटमधून महिन्याला सरासरी १२० युनिट धरतात, वर्षाला १४४०. भागाकार आला साधारण दीड. या घराला २ किलोवॅट भरपूर झालं. फक्त मेचं बिल पाहणारा ३ सांगेल.

"मग ३ घेतलं तर काय बिघडलं?" इथे खरी गोम आहे. नेट मीटरमध्ये जास्तीची युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण आर्थिक वर्ष संपलं, ३१ मार्च आला, की शिल्लक युनिट ठरलेल्या कमी दराने घेतली जातात आणि खातं शून्यावर येतं. आपला कूलर जोरात चालतो एप्रिलपासून! हिवाळ्यात साठवलेली युनिट उन्हाळ्याला मिळतच नाहीत.

आता २ किलोवॅटवाल्याचा मे बघा. उन्हाळ्यात २६०-२७० युनिट तयार होतील असं धरू. कमी पडली ३०-४०. ती लागतात ० ते १०० च्या स्लॅबमध्ये, म्हणजे सगळ्यात स्वस्त दराने. तेवढ्यासाठी आणखी १ किलोवॅट घ्यायचं? मला तरी पटत नाही. आणि बिल अगदी शून्य कुणाचंच होत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो.

पैशांकडे येऊ. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये अनुदान आहे, तिसऱ्याला १८,०००. त्यापुढे काही नाही. ५ किलोवॅट घ्या की १०, मिळणार ७८,०००च. अनुदान ठरवताना केंद्राने २ किलोवॅटचा खर्च १ लाख धरलाय आणि ३ चा १ लाख ४५ हजार. म्हणजे खिशातून ४०,००० विरुद्ध ६७,०००. बाजारातलं कोटेशन याहून वर जातं, आणि अनुदान नंतर खात्यात येतं, आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते. पॅनेल डीसीआर, म्हणजे भारतीय सेलचे, आहेत हे कोटेशनवर लिहून घ्या, नाहीतर अनुदान विसरा. वर्षभर १०० युनिटांच्या आत वापर असेल, तर मुळात बचतच कमी. अशांनी राज्याची 'स्मार्ट' योजना आधी बघावी.

येत्या वर्षात एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर नक्की येणार असेल, तर ती युनिट बेरजेत धरा. "कधीतरी घेऊ" वाला एसी धरू नका.

आता गच्ची. १ किलोवॅटला अंदाजे १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. तोंड दक्षिणेला, टाकीची सावली नको. धाब्याच्या घरावर मजबुती तपासल्याशिवाय काही चढवू नका. आणि उन्हाळ्यात आपल्याकडे गच्चीवर पापड-कुरडया वाळतात, रात्री माणसं झोपतात. त्यामुळे स्ट्रक्चर उंच हवं का, हे आईला विचारून आधीच ठरवा. उंचीचे पैसे वेगळे लागतात. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने पॅनेल धुतले की डाग बसतात, तेही बघा.

एक राहिलंच. साधं ऑन-ग्रिड सोलर लाइट गेली की बंद पडतं, भर दुपारीसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. लाइट गेल्यावरही पंखा हवा असेल तर बॅटरी लागेल, आणि तो खर्च वेगळा.

तुमची बारा महिन्यांची बेरीज किती आली, व्हॉट्सॲपवर टाका. पुढच्या भागात बँकेचं कर्ज.