परदेशच्या प्रवासात डोळ्यांची शिदोरी



आपल्या सांगली-सातारकडचा माणूस घर सोडून दूर जायला कधी भ्याला नाही. खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी भारतभर पसरले आहेत. पुढची पिढी आता त्याहून लांब निघाली आहे. कुंडलसारख्या गावातली मुलेमुली जर्मनी-अमेरिकेला शिकायला जातात आणि मागाहून आईवडीलही त्यांच्याकडे जाऊन येतात. निघताना घरात अगदी लगीनघाई असते. चटणी, मेतकूट, लोणचे सारे आठवणीने बांधले जाते. आज मी एका निराळ्या शिदोरीविषयी बोलणार आहे. ती आहे डोळ्यांची शिदोरी. सगळ्यांना ती लागत नाही; पण ज्याला लागते, त्याची परदेशातली सारी धडपड तिच्यावर उभी असते.

साधा चष्मा वापरणाऱ्याला फारशी चिंता नाही. चष्मा फुटला तर परदेशातही दुसरा करून मिळतो. पण काहींच्या डोळ्याची गोष्ट वेगळी असते. बुब्बुळावर जो पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. काही जणांचा हा पडदा ऐन शाळा-कॉलेजच्या वयात पातळ होऊ लागतो आणि शंकूसारखा पुढे येतो. या विकाराचे नाव केराटोकोनस. गुळगुळीत काचेऐवजी वाकड्या काचेतून पाहावे, तशी त्यांची स्थिती होते. विकार वाढला की चष्म्याने भागत नाही. मग त्यांना खास कॉन्टॅक्ट लेन्स लावावी लागते. तिच्यातला एक प्रकार म्हणजे स्क्लेरल लेन्स. ही आकाराने मोठी असते. ती कॉर्नियाला न टेकता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते, आणि लेन्स व डोळा यांच्यामध्ये निर्जंतुक सलाईनचे लहानसे तळे राहते. त्या तळ्यामुळे खालचा उंचसखलपणा झाकला जातो आणि स्वच्छ दिसू लागते.

कल्पना तशी जुनी आहे. १८८८ साली झुरिक येथे अ‍ॅडॉल्फ फिक या डॉक्टरांनी काचेची अशीच लेन्स करून पाहिली. आपल्या द्राक्षबागायतदारांना मौज वाटेल, पण तिच्याखाली त्यांनी भरले होते द्राक्षशर्करेचे पाणी! ती जड काच लोकांना काही तासांपलीकडे सोसवत नसे. प्राणवायू आत जाऊ देणारे प्लॅस्टिक निघाले, तेव्हा कुठे या लेन्सला खरे दिवस आले.

आता मुद्द्याचे सांगतो. कुंडलपासून जवळच, त्या वेळच्या औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनालगतच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. पुढे त्या स्टेशनचे नावच किर्लोस्करवाडी झाले. तेव्हापासून आपल्या भागातल्या घराघरांत लेथवर काम केलेली माणसे आहेत. त्यांना मी एवढेच सांगेन की, ही लेन्सदेखील लेथवरच कातलेली असते, आणि तीही एकाच डोळ्याच्या मापाने. उजव्या डोळ्याची डाव्याला चालत नाही, मग दुसऱ्याची कुठली चालायची? असा भाग हरवला तर बाजारात तयार मिळेल काय? नाही. पुन्हा माप, पुन्हा कातकाम, आणि मग काही आठवड्यांची वाट. अमेरिकेत तर तिथल्या परवानाधारक तज्ज्ञाच्या चिठ्ठीशिवाय दुकानदार लेन्स विकू शकत नाही. म्हणून सूत्र असे ध्यानात ठेवा: जे तिथे विकत मिळत नाही, ते सामानात टाकू नये, स्वतःजवळ बाळगावे.

माझा एक माजी विद्यार्थी जर्मनीला गेला. लेन्सची डबी आणि सारे साहित्य त्याने मोठ्या बॅगेत ठेवले होते. प्रवासात घालायचा तो चष्मा घालून तो निघाला. बॅग वाटेतच राहिली आणि पाचव्या दिवशी हाती आली. त्या पाच दिवसांत त्याला ट्रामच्या पाटीवरचा आकडा वाचता येईना, फळ्यावरची अक्षरे दिसेनात. परक्या गावात, परक्या भाषेत, अर्धे आंधळेपण. हुशार मुलगा, पण नाव नोंदवण्याच्या रांगेत कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला, हे त्याच्या मनाला फार लागले.

तेव्हा हातातल्या पिशवीत काय असावे? लेन्सची चालू जोडी आणि ऐपत असेल तर दुसरी जोडी. जुनी जोडी डॉक्टरांनी वापरण्याजोगी ठरवली असेल तर तीही टाकू नये. चष्मा अंधुक दाखवत असला तरी बरोबर हवाच. लेन्स बसवण्या-काढण्याची रबरी प्लंजरे दोन. कारण ते पडले-हरवले तर रुपयाच्या वस्तूपायी सारे अडते. शिवाय लेन्स ठेवायची स्वच्छ डबी, पुसायला न धागे सुटणारा रुमाल आणि डोळ्यांत घालायचे थेंब.

राहिला प्रश्न द्रवांचा. २००६ साली लंडनहून सुटणारी विमाने द्रवरूप स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आला. तेव्हापासून परदेशी जाणाऱ्या विमानात शंभर मिलिलिटरहून मोठ्या बाटल्या हातातल्या सामानात नेण्यावर बंदी आली. काही विमानतळांवर नवी यंत्रे आल्याने हा नियम सैल झाला आहे. पण जाताना सैल आणि येताना कडक, असेही घडते. औषधी द्रवाला सवलत असते, मात्र ती तपासणाऱ्याला पटवावी लागते. त्यापेक्षा एकदाच वापरायच्या छोट्या कुप्यांतले, संरक्षक रसायन नसलेले सलाईन न्यावे. आठवडाभराचे हातात आणि उरलेले मोठ्या बॅगेत, अशी वाटणी करावी. लेन्स धुण्याचे द्रावण हायड्रोजन पेरॉक्साइडचे असेल, तर त्याची बाटली वेगळी, ठळक खूण करून ठेवा. चुकून ते थेट डोळ्यात गेले तर डोळा भाजल्यासारखा होतो.

कागदही तितकेच मोलाचे. डॉक्टरांकडून इंग्रजीत एक पत्र घ्यावे. त्यात विकाराचे नाव, औषधांची मूळ नावे, दोन्ही लेन्सची वक्रता, व्यास, नंबर आणि बनवणाऱ्याचे नाव असावे. पत्रावरचे आपले नाव पासपोर्टाप्रमाणेच लिहून घ्या. एक प्रत मोबाइलमध्ये, एक घरी ठेवा. विमा काढताना जुन्या विकाराला तो लागू आहे का, हे तोंडी नव्हे, लेखी विचारा.

आता प्रत्यक्ष प्रवास. कुंडलहून मुंबई हीच एक रात्र. पुढे विमान, बदली, पुन्हा विमान. दीड दिवस लेन्स डोळ्यांत ठेवून भागणार नाही. विमानातली हवा वैशाखातल्या दुपारसारखी कोरडी असते. झोपण्यापूर्वी लेन्स काढावी आणि उतरण्याआधी हात साबणाने धुऊन, पूर्ण कोरडे करून पुन्हा बसवावी. चष्म्याने अगदीच दिसत नसेल, तर तिकीट काढतानाच विमान कंपनीकडे मदतनीस मागून ठेवा. त्यात कमीपणा काय?

आणि एक गोष्ट तीनदा सांगितली तरी थोडी. लेन्सला पाणी लावू नका. नळाचे नको, बाटलीबंद नको, उकळून गार केलेलेही नको. अकांथामिबा नावाचा सूक्ष्म जीव नळाच्या, विहिरीच्या, नदीच्या पाण्यात राहतो. त्याचे दुखणे क्वचित होते, पण झाले तर महिनोन्महिने छळते आणि नजर घेऊनही जाते. परदेशातले पाणी स्वच्छ, तिथे काय होते, असे समजू नका. पोहताना आणि अंघोळीला लेन्स बाहेरच हवी. आपल्या कृष्णेलाही हाच नियम लागू.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेना किंवा दिसणे कमी झाले, तर लेन्स ताबडतोब काढा आणि पुन्हा घालू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लेन्स आणि डबी बरोबर न्या. तपासणीला ती उपयोगी पडते. आणि तिथे पोचल्याच्या पहिल्या पंधरवड्यात, काही दुखत नसतानाच, जवळचा लेन्सतज्ज्ञ शोधून ठेवा. तहान लागल्यावर विहीर खणू नये.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. या प्रवासाची सुरुवात विमानतळावर होत नाही, ती तुमच्या वर्गात होते. एखाद्या मुलाचा चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलतो, तो सारखे डोळे चोळतो, डोळे बारीक करून फळा वाचतो. अशा मुलाला ‘लक्ष देत नाहीस’ म्हणून रागावण्याआधी त्याच्या पालकांना निरोप धाडा आणि मिरज-सांगलीच्या नेत्रतज्ज्ञाकडे कॉर्नियाचा नकाशा काढायला सांगा. आता क्रॉसलिंकिंग नावाचा उपचार आहे. ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालून अतिनील किरण सोडतात, आणि बहुतेकांचा विकार तिथेच थांबतो. गेलेली नजर मात्र त्याने पुरती परत येत नाही. म्हणून जितके लवकर कळेल तितके बरे. डोळे चोळण्याची सवय तर आजच मोडावी. त्याला एक पैसाही लागत नाही.

आपली मुले जगाच्या पाठीवर कुठेही जावोत. पण जग पाहायला निघालेल्या मुलाच्या पिशवीत पाहण्याचे साधन आधी भरा, लोणच्याची बरणी मग.