एका छोट्याशा ‘अ’ची गोष्ट : मेनी, मच, फ्यू आणि लिटल

बसमध्ये असाल, भांडी घासत असाल किंवा नुसतेच छताकडे बघत पडला असाल, कानात हेडफोन असले की झालं. आजचा विषय आहे मेनी, मच, फ्यू आणि लिटल. शाळेत हे आपण ‘गाळलेल्या जागा भरा’मध्ये दोन मार्कांसाठी केलं होतं. मला त्याची खरी किंमत कळली ती पहिल्या इंटरव्ह्यूमध्ये.

मामाच्या दुकानात मी आठ महिने टॅलीवर हिशोब केले होते. समोरच्या मॅडमनी विचारलं, टॅली येतं का? मी आत्मविश्वासाने म्हटलं, “येस मॅम, आय हॅव लिटल एक्स्पीरियन्स.” मला म्हणायचं होतं, थोडाफार अनुभव आहे. मॅडम म्हणाल्या, “ओके, सो नॉट मच,” आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. ती नोकरी मिळाली नाही. कारणं आणखीही असतील, पण माझे आठ महिने मी माझ्याच तोंडाने पुसून टाकले, हे मला घरी आल्यावर कळलं.

काय चुकलं? एक ‘अ’ राहिला. ‘अ लिटल’ म्हणजे थोडं आहे. नुसतं ‘लिटल’ म्हणजे जवळजवळ नाहीच. ‘फ्यू’चंही तसंच. “आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स इन पुणे” म्हणजे दोनचार मित्र आहेत, राहायची सोय होईल. “आय हॅव फ्यू फ्रेंड्स इन पुणे” म्हणजे बिचाऱ्याला तिथे फारसं कुणी नाही. गाडीत ‘अ लिटल पेट्रोल’ असेल तर पंपापर्यंत जाऊ. ‘लिटल पेट्रोल’ असेल तर ढकलायची तयारी ठेवा! आणि एक गंमत, ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे थोडे नाही हं, बरेच.

आता कोणता शब्द कुठे? मोजता येणाऱ्या गोष्टींच्या अनेकवचनाला मेनी, फ्यू, अ फ्यू, सेव्हरल. न मोजता येणाऱ्यांना मच, लिटल, अ लिटल. आणि सम, एनी, अ लॉट ऑफ, इनफ, मोअर हे दोन्हीकडे चालतात. अडलात तर ‘अ लॉट ऑफ’ म्हणा. तसंही साध्या होकारार्थी वाक्यात “आय हॅव मच वर्क” जरा अवघडल्यासारखं वाटतं. “आय हॅव अ लॉट ऑफ वर्क” हेच सहज वाटतं. मच जास्त शोभतो तो प्रश्नात आणि नकारात.

मग आपण अडखळतो कुठे? मराठीत ‘किती’ हा एकच शब्द. किती माणसं, किती पाणी, काम भागतं. शिवाय मोजायचं काय आणि नाही काय, हे प्रत्येक भाषा आपापलं ठरवते. बघा, आपण म्हणतो तांदूळ धुतले, पैसे संपले, केस गळतायत. सगळं अनेकवचन! म्हणून तोंडातून येतं, “हाऊ मेनी मनी?” आणि “माय हेअर्स आर फॉलिंग.” इंग्रजीत राइस, मनी, हेअर एकवचनी चालतात. हाऊ मच मनी, पण हाऊ मेनी रुपीज. कारण रुपये मोजता येतात.

बातमी, सल्ला हे आपण मोजतो. दोन बातम्या, चार सल्ले. इंग्रजीत न्यूज आणि ॲडव्हाइस मोजत नाहीत. ‘ॲन ॲडव्हाइस’ नाही, ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ किंवा ‘सम ॲडव्हाइस’. न्यूजच्या स्पेलिंगमध्ये शेवटी ‘एस’ असतो, तरी “द न्यूज इज गुड” असंच म्हणायचं.

आणि सगळ्यात मजेशीर शब्द, माहिती. मराठीत आपण ‘माहित्या’ म्हणतो का? नाही ना! सामानाचं ‘सामानं’ही करत नाही. तरी मेलमध्ये बिनधास्त इन्फॉर्मेशन्स, लगेजेस, फर्निचर्स लिहितो. इथे तर मराठीच आपल्या मदतीला उभी असते, आपण तिला विचारत नाही एवढंच.

थोडे शब्द मात्र दोन्ही पक्षात असतात. डोक्यावरचे केस ‘हेअर’, पण आमटीत सापडलेला एक केस ‘अ हेअर’. कामाचा अनुभव ‘एक्स्पीरियन्स’, पण ट्रेकला आलेले वेगवेगळे अनुभव ‘एक्स्पीरियन्सेस’. चहा मोजत नाहीत, पण हॉटेलात “टू टीज, प्लीज” चालतं, आपल्या ‘दोन कटिंग’सारखं.

शेवटी ‘लेस’ आणि ‘फ्यूअर’. नियम सांगतो, लेस वॉटर, फ्यूअर बॉटल्स. हा आग्रह 1770 मध्ये रॉबर्ट बेकर या लेखकाने आपली आवड म्हणून मांडला होता, पुढे त्याचा नियम झाला. ब्रिटनमधल्या सुपरमार्केटांत ‘टेन आयटम्स ऑर लेस’ या पाटीवरून इतकी कुरकुर झाली, की टेस्कोने 2008 मध्ये ‘अप टू टेन आयटम्स’ अशी नवी पाटी आणली. म्हणजे गोऱ्यांचीही इथे भांडणं होतात. त्यामुळे बोलताना लेस-फ्यूअर चुकलं तर फार मनाला लावून घेऊ नका. पण तो ‘अ’ सांभाळा. तिथे अर्थच उलटा होतो.

आजचा गृहपाठ. स्वयंपाकघरात जा, पाच वस्तू निवडा आणि प्रत्येकीसाठी मोठ्याने प्रश्न विचारा. हाऊ मेनी अनियन्स? हाऊ मच ऑइल? आई विचारेल, “काय बडबडतोयस?” सांगा, अभ्यास चाललाय. आणि पुढच्या इंटरव्ह्यूमध्ये अनुभवाबद्दल विचारलं, तर आधी एक श्वास घ्या, मग तो छोटासा ‘अ’ म्हणा.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत बोलत राहा!