पाळीच्या आधीचा आठवडा: आधी तारीख, मग औषध

(या भागाचं लेखी रूप. बोलतानाचे अडखळे तेवढे काढलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

आजचा विषय पाळीच्या आधी होणारा त्रास आणि त्यावरचे उपाय. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे आज जे सांगेन ते ऐकून मेडिकलमध्ये जायचं नाही. डॉक्टरांकडे काय घेऊन जायचं आणि काय विचारायचं, तेवढं कळलं तरी या भागाचं काम झालं.

आपल्याकडे पाळीसाठी शब्दांची कमी नाही. कावळा शिवला, अडचण आहे, बाहेरची झाले, डेट आली. पण पाळी यायच्या आधीच्या आठवड्याला काय म्हणतो आपण? काहीच नाही. शब्द नाही, म्हणून तो आठवडा सरळ बाईच्या स्वभावाच्या खात्यात जमा होतो. ‘तिरसटच आहे ती’, ‘आज हिच्या नादी लागू नका’. आणि दहा वर्षं असं ऐकलं की आपल्यालाही ते खरं वाटायला लागतं.

इंग्रजीत त्याला नाव मिळालं तेही फार जुनं नाही. १९३१ मध्ये रॉबर्ट फ्रँक या डॉक्टरांनी ‘प्रीमेन्स्ट्रुअल टेन्शन’ असं लिहिलं. १९५३ मध्ये कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या लेखात ‘प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम’ हा शब्द वापरला. तोच आपला पीएमएस. यातला खूप तीव्र प्रकार, जो मुख्यतः मनावर येतो, तो पीएमडीडी. मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीत त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली २०१३ मध्ये. शंभरातल्या साधारण दोन ते पाच जणींना तो असतो.

आता हे होतं कशामुळे? बहुतेकींचा पहिला प्रश्न असतो, ‘माझे हार्मोन्स बिघडलेत का?’ मग हार्मोन्सच्या महागड्या टेस्ट होतात आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे घरच्यांच्या लेखी तुम्ही नाटक करताय.

इथे १९९८ चा एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या पीटर श्मिट आणि सहकाऱ्यांनी औषध देऊन बायकांच्या बीजकोशांचं काम तात्पुरतं थांबवलं. पीएमएस असलेल्यांपैकी बऱ्याच जणींचा त्रास कमी झाला. मग त्यांना नेहमीच्याच प्रमाणात इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन परत दिलं, आणि त्रास परत आला. ज्यांना मुळात पीएमएस नव्हता त्यांना तेच हार्मोन, तेवढंच दिलं, त्यांच्या मूडला काही झालं नाही. म्हणजे हार्मोनचं प्रमाण ठीकच असतं, काही जणींचा मेंदू त्याच्या चढउताराला जास्त प्रतिसाद देतो. आमच्या भाषेत सांगायचं तर इनपुट सगळ्यांना सारखंच, आउटपुट वेगळं. म्हणून रक्ताच्या टेस्टमध्ये हे सापडत नाही.

मग सापडतं कशात? तारखेत. आजच्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: पीएमएस ओळखायचा तो कोणता त्रास होतो यावरून नाही, तो कधी होतो यावरून. चिडचिड, रडू, झोप उडणं, पोट फुगणं, छाती दुखणं हे कशानेही होऊ शकतं. पण पाळीच्या आधीच्या एकदोन आठवड्यांत सुरू होतं, पाळी आली की थोड्या दिवसांत ओसरतं आणि त्यानंतर निदान एक आठवडा तुम्ही अगदी ठणठणीत असता, असं दर महिन्याला होत असेल तर तो पीएमएस.

आणि हे आठवून सांगता येत नाही हो. वाईट दिवशी सगळेच दिवस वाईट होते असं वाटतं. म्हणून डॉक्टरसुद्धा सलग दोन महिन्यांची रोजची नोंद मागतात. मी साधी शीट केली होती. तारीख, पाळीचा कितवा दिवस, आणि मूड, चिडचिड, झोप, अंगदुखी, काम या पाच गोष्टींना १ ते ६ आकडे. १ म्हणजे काही नाही, ६ म्हणजे असह्य. रात्री झोपताना दोन मिनिटं. कागदाची वही असली तरी चालेल. भिंतीवरच्या कालनिर्णयवर आकडा लिहिलात तरी चालेल, दुधाचा हिशोब लिहितोच की आपण तिथे.

माझ्यापुरतं सांगायचं तर नोकरी पणाला लागली होती. माझ्या मेलच्या ड्राफ्टमध्ये तीन राजीनामे पडून होते. शीटसमोर त्यांच्या तारखा ठेवल्या तर तिन्ही पाळीच्या आधीच्या चार दिवसांतले. तिन्ही वेळा आठवड्याभरात मी त्याच टीमबरोबर हसत चहा पीत होते. एका डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, ‘लग्न झालं की सगळं सुरळीत होईल.’ शीट घेऊन दुसऱ्या बाईंकडे गेले. त्यांनी ती शांतपणे दोनदा पाहिली आणि म्हणाल्या, ‘बरं झालं लिहून आणलंत.’

नोंदीतून तीन चित्रं दिसू शकतात. एक, फक्त पाळीआधी त्रास आणि नंतर स्वच्छ आठवडा. दोन, महिनाभर त्रास आणि पाळीआधी जास्त. म्हणजे मुळात डिप्रेशन, अँक्झायटी, मायग्रेन असं काहीतरी आहे आणि ते त्या दिवसांत उसळतंय. तिथे उपाय मूळ आजारावर. तीन, तारखेशी काही संबंधच नाही. मग थायरॉईड, हिमोग्लोबिन, झोप, ऑफिस, घर, सगळं बघायला हवं. उपाय तिन्हींचे वेगळे, म्हणून तारीख आधी.

आता उपाय. सौम्य त्रासासाठी नियमित व्यायाम आणि पुरेशी झोप. त्याने फरक पडतो, पण चमत्कार होत नाही. गोळ्यांमध्ये कॅल्शियमवर चांगला अभ्यास झालाय. १९९८ मध्ये अमेरिकेत ४६६ बायकांवरच्या चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं, तिसऱ्या महिन्यात त्रास ४८ टक्क्यांनी कमी झाला. छान ना? पण पुढचा आकडा ऐका. ज्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी दिली, त्यांचाही त्रास ३० टक्क्यांनी कमी झाला! म्हणजे काहीही घेतलं तरी दोनतीन महिने बरं वाटू शकतं. इन्स्टाग्रामवरचा प्रत्येक चहा आणि प्रत्येक पावडर या ३० टक्क्यांवर जगते. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला, निदान दोनतीन पाळ्या बघा, आणि आकडे लिहीत राहा. कोडमध्ये एकदम पाच बदल केले तर बग कशाने गेला ते कळत नाही, तसंच.

कॅल्शियम जेवणातूनही मिळतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, शिवाय दूध, दही, तीळ. गोळी घेणार असाल तर लोहाच्या गोळीबरोबर नको, दोन्हींत अंतर ठेवा. मूतखडा झाला असेल तर आधी विचारा. बी-६ जीवनसत्त्वाने काहींना थोडा फायदा होतो, पण जास्त डोस दीर्घकाळ घेतला तर नसांना इजा होते, हातपाय बधिर पडतात. रोज १०० मिलिग्रॅमच्या वर नकोच. इव्हनिंग प्रिमरोज ऑइलच्या कॅप्सूल सर्रास लिहून दिल्या जातात. नीट केलेल्या चाचण्यांत त्या नकली गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

त्रास तीव्र असेल तर दोन मुख्य मार्ग. पहिला एसएसआरआय गटातली औषधं, म्हणजे फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन वगैरे. ‘डिप्रेशनची गोळी? मी काय वेडी आहे?’ असं वाटतं. पण गंमत बघा. डिप्रेशनमध्ये या गोळ्यांना गुण यायला काही आठवडे लागतात, पीएमडीडीमध्ये थोड्या दिवसांत फरक दिसतो. म्हणून काही जणींना त्या महिनाभर न घेता फक्त पाळीआधीचे साधारण १४ दिवस देता येतात. मला असंच दिलं. पहिले चारपाच दिवस मळमळलं, मग थांबलं. दुसऱ्या महिन्यात चिडचिडीचा आकडा पाचावरून दोनावर आला. झोप आणि कामेच्छा यांवरही परिणाम होऊ शकतो, ते मोकळेपणाने विचारा. घरात कुणाला बायपोलर आजार असेल तर ते आवर्जून सांगा, कारण मग ही औषधं जपून द्यावी लागतात.

दुसरा मार्ग गर्भनिरोधक गोळी. सगळ्या नाही, ड्रोस्पिरेनोन असलेली, २४ दिवस औषधाची आणि ४ दिवस बिनऔषधाची, अशा गोळीला अमेरिकेत २००६ मध्ये पीएमडीडीसाठी मान्यता मिळाली. काही जणींचा मूड अशा गोळ्यांनी उलट बिघडतोही. रक्ताच्या गुठळ्या, डोळ्यांपुढे चमकणारं मायग्रेन, सिगारेट, ब्लडप्रेशर यांपैकी काही असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. गोळ्या नकोच असतील तर सीबीटी नावाची समुपदेशनाची पद्धत आहे, तिचाही उपयोग होतो.

आईला हे सगळं सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘आम्ही चार दिवस बाजूला बसायचो. त्याच्या आधीचे आठ दिवस कसे काढले, ते कुणी विचारलं नाही.’ मग म्हणाली, ‘मलाही एक वही दे, तुझ्या बहिणीसाठी.’

ऐकणाऱ्या दादालोकांना एक विनंती. भांडणाच्या मध्यात ‘डेट जवळ आलीये का?’ हा प्रश्न विचारू नका. तारीख खरी असली तरी तक्रार खोटी ठरत नाही. भांडी खरोखरच कालपासून पडलेली असतात. हा प्रश्न चांगल्या आठवड्यात विचारा: ‘त्या दिवसांत माझी काय मदत होईल?’

आणि शेवटचं. त्या दिवसांत ‘आपण नसलेलं बरं’ असा विचार येत असेल तर दोन महिन्यांची शीट पूर्ण व्हायची वाट बघू नका. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा, डॉक्टरांना गाठा, किंवा सरकारच्या टेलि-मानसला १४४१६ वर फोन करा. चोवीस तास सुरू असतो, मराठीतून बोलता येतं.

बाकीच्यांनी आज रात्री झोपायच्या आधी फक्त एक आकडा लिहा. उद्या दुसरा. भेटू पुढच्या भागात.